ठकी आली की गेली?

शाळेत सहा ऋतू पाठ केले होते. सातवा ऋतू पिंपरीत नोकरीला लागल्यावर कळला. त्याचं नाव मार्च एंडिंग. होळीची राख अजून रस्त्याकडेला पडलेली असते, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर आलेला असतो, आणि कंपनीतला प्रत्येक माणूस कुठे तरी घाईने निघालेला असतो. साहेब धावतो म्हणून सुपरवायझर धावतो, सुपरवायझर धावतो म्हणून ट्रॉली धावते. मला निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. आता मला कुणाला काही माल द्यायचा नाही. तरी मार्च उजाडला की माझा पाय घरात ठरत नाही. गॅसवर दूध ठेवते, गॅलरीत जाते, गॅलरीतून आत येते, टीव्ही लावते, बंद करते. तोवर दूध उतू गेलेलं असतं. सून म्हणते, "आई, जरा बसा ना एका जागी." तिचं बरोबर आहे, पण बसवत नाही.

या वर्षी पाय मला चिंचवडच्या एका पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेले. तिथे अख्खी एक भिंत जपानी चित्रकथांनी भरलेली. मुलं त्यांना मांगा म्हणतात. शाळेच्या गणवेशातल्या पोरी फरशीवर फतकल मारून त्या वाचत बसल्या होत्या. मी एक पुस्तक उचललं, उजवीकडून उघडलं आणि बघायला लागले. गल्ल्यावरच्या मुलीला नवल वाटलं.

"काकू, तुम्हाला कसं माहीत इकडून वाचायचं? बहुतेक लोक उलटं धरतात."

"मीही धरलं होतं," मी म्हटलं. "तू जन्मायच्या आधी."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मी मात्र त्या भिंतीपुढे पाय दुखेपर्यंत उभी राहून एकच मुलगी शोधत होते. आखूड केसांची, हातात पिशवी घेतलेली, आगगाडीच्या खिडकीशी बसलेली. ती सापडली नाही. कधीच सापडत नाही.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या कंपनीत टेपरेकॉर्डर जोडत. त्यांचे बरेचसे सुटे भाग जपानहून बोटीने मुंबईला आणि तिथून ट्रकने पिंपरीला यायचे. मी स्टोअर्समध्ये कारकून होते. आलेली लाकडी खोकी समोर फोडून घ्यायची आणि भाग तपासून आत पाठवायचे, हे माझं काम. फळी उचकटली की आधी कुठल्या तरी परक्या लाकडाचा गोडसर वास यायचा. मग कुरळा भुसा. आणि भुशाच्या खाली, भाग हलू नयेत म्हणून दाबून कोंबलेली रद्दी.

त्या रद्दीत मला ती मासिकं मिळाली. मासिकं म्हणजे मासिकांची लक्तरं. कव्हरं फाडलेली, कडा कुरतडल्यासारख्या, मधलीच चाळीस-पन्नास पानं एका पिनेला लटकलेली. कागद आपल्या शालेय वहीपेक्षा खरखरीत, आणि रंगीत. काही अंक गुलाबी कागदावर, काही हिरवट. पण त्यावरची चित्रं! मी पहिलं पान तळहाताने सपाट केलं आणि तिथेच, स्टोअर्सच्या काँक्रीटवर, मांडी घालून बसले. पानभर एका मुलीचा डोळा होता. नुसता डोळा. त्यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीत कुणी तरी पाठमोरं उभं होतं. मी एम.ए.ला मराठी घेऊन बाहेरून परीक्षा देत होते, डोक्यात समीक्षेची जाड जाड पुस्तकं होती. त्या एका डोळ्याने ती सगळी कोपऱ्यात बसवली.

आपल्याकडची चित्रकथा घाईत असते. राजा बोलला, राक्षस बोलला, तलवार निघाली. ही माणसं थांबत. एका अख्ख्या चौकटीत फक्त नळ, आणि नळाखाली पडायला आलेला थेंब. पुढच्या चौकटीत थेंब नाही, माणूसही नाही, नुसती रिकामी फरशी. मला त्यांच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. चित्रांवरून आडवीतिडवी पसरलेली ती मोठमोठी अक्षरं म्हणजे आरडाओरडा असणार, एवढं कळायचं. आणि तरी त्या रिकाम्या फरशीवरून माझी नजर हलायची नाही. मी वेडी झाले होते, दुसरा शब्द नाही. बोट कधी लागते याची इतकी चौकशी करायचे की परचेसच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कंपनीच्या मालाची एवढी काळजी असलेली मुलगी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

त्यातल्या एका कथेची पानं पुन्हा पुन्हा यायची. तिची नायिका मोठ्या डोळ्यांची, बाहुलीच्या तोंडवळ्याची, म्हणून तिचं नाव पडलं ठकी. नाव ठेवलं कमलने. कमल जोडणीच्या लाइनवर होती. दिवसभर हातात तारा जोडायची तापलेली सोल्डरची कांडी. केसांना सोल्डरमधल्या राळेचा वास, आणि तो धुतला तरी जात नाही याचा तिला राग. कासारवाडीची. वडील दुसऱ्या एका कारखान्यात फिटर. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या कडुनिंबाखाली आम्ही बसायचो. मी पानं उलटायची, चित्रांना बोलायला लावायची, आणि लाइनवरच्या बायका डबे उघडे ठेवून ऐकायच्या. डब्यात मोहोर पडायचा. कुणी झटकायचंही नाही.

मी वाचायची ती अर्थात डावीकडून उजवीकडे. दुसरं कसं वाचतात हे मनातही आलं नाही. त्यामुळे ठकीच्या जगात फार विचित्र गोष्टी घडत. ती आधी रडे, मग तिला कुणी तरी रागावे. फुटलेला वाडगा दोन चौकटींनी सबंध होऊन तिच्या हातात येई. काही पानांच्या कोपऱ्यात इंग्रजी आकडे होते, तेही उतरत जात. कमलने विचारलं, "विजू, हे आकडे असे मागं मागं का गं चाललेत?" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "त्यांची पद्धत आहे. रॉकेट सोडताना नाही का उलटे मोजत?" सगळ्यांना पटलं. मला तर सगळ्यांत आधी पटलं.

कँटीनच्या भिंतीवर कामगार कल्याणचा एक बोर्ड होता. त्यावर महिन्याला भित्तिपत्रक लागे. सुविचार, कोडं, कुणाच्या मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती. मी त्यावर ठकीची परीक्षणं लिहायला सुरुवात केली. सुवाच्य अक्षरात, लाल शाईने मथळा. "जपानी लेखक आधी परिणाम दाखवतो आणि मग कारण. आधी अश्रू, मग आघात. कालक्रमाची ही धीट उलटापालट आपल्या कथाकारांना कधी जमणार?" असं मी लिहिलंय, आणि खाली सहीसुद्धा केलीय. लोक रांगेत ताट घेऊन उभे राहून वाचत. आज आठवलं की एकटी असले तरी पदर तोंडाला लावते. पण खरं सांगू, इतक्या प्रेमाने मी पुढे आयुष्यात कशावरही लिहिलं नाही.

आता कमलचं सांगते, कारण ठकीचं आणि तिचं त्या मार्चमध्ये एकमेकांत गुंतलं.

कमल लग्न होऊन लातूरकडच्या एका गावात दोन वर्षं नांदली होती, आणि एक दिवस माहेरी आली ती परत गेली नव्हती. मारझोड नव्हती. दारू नव्हती. त्यामुळे लोकांना कारण कळत नव्हतं, आणि कारण कळलं नाही की लोक जास्त विचारतात. मला तिने एकदाच सांगितलं. "तिकडं मला कुणी नावानं हाक मारली न्हाई गं. नवऱ्यानं पण न्हाई. 'ए' म्हणायचे. नाहीतर 'ऐकलं का'. दोन वर्षं. इथं निदान हजेरीच्या कार्डावर नाव हाय माझं, पूर्ण." ती टेम्पररी होती. पण त्या वर्षी लाइनवरच्या काही जणींना एप्रिलपासून कायम करणार असं ठरलं होतं आणि त्यात तिचं नाव होतं. नेमका तेव्हाच सासरहून निरोप आला: मार्च संपताना घ्यायला येतो, नोकरी सोडून तयार राहा, या वेळी नाही आलीस तर पुन्हा येणार नाही. गेली तर नोकरी गेली, राहिली तर संसार गेला. एवढा एक महिना तिच्या हातात होता.

लाइनवरच्या प्रत्येक बाईला तिला काही तरी सांगायचं होतं. सोल्डरचा धूर वर जायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी सल्ले. जा गं, नवरा चांगला आहे. बापाच्या घरी किती दिवस? नोकरी काय, आज आहे उद्या नाही. कमल मान खाली घालून तारा जोडत राहायची. तिचा जबडा तेवढा हलताना दिसायचा. मला ती जायला नको होती. अगदी सरळ, स्वार्थी कारण: ती गेली की मी ठकी कुणाला दाखवणार? पण मी तिला काही म्हटलं नाही. माझं लग्न व्हायचं होतं, मला काय अधिकार, असं मीच मला समजावत होते आणि रात्री उशी उलटी-सुलटी करत होते.

त्यातच एक खोकं फुटलं आणि ठकीचा तो अंक निघाला. हिरवट कागद, जवळजवळ सबंध. मी धावतच कडुनिंबाखाली गेले.

पहिलंच चित्र पानभर. आगगाडीची खिडकी, आणि खिडकीत ठकी. केस आखूड कापलेले. मग ती फलाटावर, हातात पिशवी. मग बर्फ. आम्ही कुणी बर्फ पाहिला नव्हता, गोळेवाल्याच्या किसणीखालचा सोडून. पांढरी गल्ली, पांढरी छपरं, आणि मधून चालणारी इवलीशी ठकी. मग एक सरकतं दार. आत एक वयस्क बाई, ठकीची सासू असणार, आणि एक माणूस जेवायला बसलेला. मग ठकी कमरेला फडकं बांधते. मग पुन्हा एक वाडगा, आधी तुकडे आणि मग सबंध. आणि शेवटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती बसलेली, मान खाली, चेहरा दिसत नाही.

"परत आली," कुणी तरी म्हणालं. सगळ्याच कमलकडे बघायला लागल्या.

कमलने ते बर्फाचं पान माझ्या हातातून घेतलं. बराच वेळ बघितलं. "ही पावलं बघ," ती म्हणाली. "तोंड फलाटाकडं हाय ह्यांचं. घराकडं न्हाई."

"ती प्रतीकात्मक आहेत," मी म्हटलं. "मन मागे ओढतंय, असं दाखवायचंय चित्रकाराला."

तिने मान हलवली आणि पान परत दिलं.

मी परीक्षण लिहिलं. मला आवडत नव्हतं तरी लिहिलं, कारण पानात जे आहे ते लिहायचं, आपल्या मनातलं नाही, असा माझा बाणा होता. "ठकी अखेर घरी परतते. लेखकाने तिला सुख दिलेलं नाही, पण घर दिलं आहे." बोर्डावर लागलं त्या दुपारपासून कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. लाइनवर कुणी कमलला म्हणालं, "बघ बाई, जपानची पोरगीसुद्धा आली शेवटी घरी." ते माझ्या कानावर पडलं आणि हातातला चहा कडू झाला. आपणच लिहिलेला कागद फाडून टाकावा असं वाटलं. पण छापलेल्यासारखा तो तिथे होता, माझ्या सहीसकट.

ते शेवटचे दिवस मला अंगातल्या तापासारखे आठवतात. ऊन पत्र्यावर वाजायचं. माठातलं पाणी दुपारीच संपायचं. हायवेवरून चाकणच्या बाजाराचे कांद्याचे ट्रक जायचे आणि त्यांच्या मागे लाल पापुद्रे उडत आमच्या फाटकापर्यंत यायचे. दिघीच्या बाजूने वारा सुटला की डोळ्यांत धूळ. ओव्हरटाइम, पुन्हा ओव्हरटाइम. घरी स्थळाची बोलणी, कारण मलाही बघायला येणार होते. आईने साडी काढून ठेवली होती आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते. कमल त्या दिवसांत झाडाखाली गप्प असायची, पण डबा पूर्ण संपवायची. मी तिच्याकडे चोरून बघायची. तिचं काय ठरलंय ते विचारायची माझी छाती झाली नाही. एक दिवस ती आलीच नाही. बायका म्हणाल्या, "आज घ्यायला आलेत तिला. सकाळीच."

मार्च एंडिंगमुळे त्या दिवशी दोन शिफ्टच्या बायका एकत्र होत्या. दुसऱ्या शिफ्टची जुबेदा दुपारीच आली होती. ती आमच्या झाडाखाली कधी बसलेली नव्हती, ठकी तिला फक्त ऐकून माहीत. मी सुन्न बसले होते. तिने माझ्या मांडीवरचा हिरवट अंक उचलला, पालथा केला आणि उघडला. आम्ही जिथे संपवायचो तिथून. आणि पान उजवीकडून डावीकडे, असं सरासर बघत गेली.

"बिचारी," ती म्हणाली. "बरं झालं गेली."

"कोण गेली?"

"ही. घर सोडून. बघ ना, इथे बसलीये रडत. इथे सासूने वाडगा फेकला. इथे कमरेचं फडकं सोडलं, बाहेर पडली, चालत गेली, आणि ही बसली गाडीत."

"अगं, तू उलटं वाचतेयस!"

"मी?" जुबेदाला खरंच कळेना. "किताब इकडूनच उघडते ना? आमच्या घरी तर उर्दूची सगळी अशीच आहेत. तुम्ही कुठून उघडता?"

मी तिच्या हातातून अंक ओढला. आकडे चढत होते. वाडगा सबंध होता आणि मग फुटला. कारण आधी आणि परिणाम नंतर, जगात सगळीकडे असतं तसं. बर्फातली पावलं फलाटाकडे तोंड करून फलाटाकडेच निघाली होती. लाज म्हणावी तर लाज, आनंद म्हणावा तर आनंद, आणि दोन्हींच्या वर एकच विचार: कमल आता कुठे असेल?

मी अंक पोटाशी साडीत खोचला आणि पळाले. फाटकावर हौसाबाई होत्या. बायकांची झडती घ्यायला कंपनीने ठेवलेल्या. भोसरीच्या जुन्या घरातल्या, आवाज शेतात हाक मारल्यासारखा. कंपनीचा कागदाचा कपटा त्या बाहेर जाऊ देत नसत. पण ठकीची गोष्ट मी त्यांना रोज संध्याकाळी झडती देता देता सांगायची, म्हणजे ती ऐकल्याशिवाय त्या मला सोडतच नसत.

"काय गं, पोटाशी काय हाय?"

"हौसाबाई, ती परत नाही आली! गेली ती!"

"कोन गेली?"

"ठकी! आपण उलटं वाचलं. ती घर सोडून गाडीत बसून गेली. आणि कमलला आज घ्यायला आलेत, तिला अजून माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं. "व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् मला ह्ये आत्ता सांगतीस? मी त्या ठकीच्या सासूला चांगली म्हनत हुते की गं. पळ! मी कायबी बघितलं न्हाई."

बसमध्ये उभ्याने मी पाठ करत होते, काय बोलायचं. उंबऱ्यातच पानं पसरायची. सगळ्यांसमोर. पाहुणे असू देत, वडील असू देत. कासारवाडीला उतरले तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. एकेक डबा असा सावकाश जात होता की मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. बहुतेक ओरडलेही, कारण शेजारचा सायकलवाला बाजूला सरकला.

कमलच्या घराचं दार उघडं होतं. बाहेर चपला फक्त घरच्यांच्या. आत खाटेवर वडील, समोर उष्ट्या कपबश्या. मला वाटलं, संपलं. आणि आतल्या खोलीतून कमल बाहेर आली ती कंपनीचा निळा एप्रन बांधत.

"तू कशी काय?" ती म्हणाली. "सुट्टी झाली का?"

"ते कुठेत?"

"गेले."

"चहा घेऊन गेले," वडील म्हणाले. "भांडण न्हाई, काय न्हाई. तिनं जावयाला म्हटलं, तू इकडं ये, काम बघू, खोली बघू. विचार करतो म्हणाला." आणि ते कपबश्या उचलायला लागले, जे मी त्या काळात कुठल्या बापाला करताना पाहिलं नव्हतं.

मी तिथेच मटकन बसले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. उलटं वाचलं, जुबेदाने दाखवलं, ठकी गेली, गाडीत बसली, गेली. कमल केसात पिन खोचत ऐकत होती.

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गेली ते. पावलं दिसत हुती की. तूच मला परतीक का काय ते शिकवलंस."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"बोलून काय करू? तुझा तो कागद बोर्डावर लागला आणि सगळ्यांना वाटलं, ही आता जाणार. त्या दिवसापासून मला कुणी शहाणपणा शिकवला न्हाई. गोड बोलत हुत्या, एकीनं लाडू आणून दिले. माझं मला जरा शांतपणे ठरवता आलं." मग ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा. "आणखी आठवडाभर काढू नको बरं का तो कागद. माझं कायमचं पत्र येऊ दे हातात."

मी हसत होते की रडत होते ते आठवत नाही. पोटाशी घामाने ओला झालेला अंक काढून मी तिला दिला. तो तिचाच होता. ती दुसऱ्या शिफ्टला निघाली, मी तिच्याबरोबर मागे फिरले. साहेबाने माझी अर्धी रजा मांडली आणि बोट लागली का विचारायला गेली होतीस ना, म्हणून टोमणा मारला. मी पुढच्या भित्तिपत्रकात दुरुस्ती लिहिली. सगळ्यात आधी ती हौसाबाईंना वाचून दाखवली.

त्यानंतरची खोकी आली ती थर्माकोल घेऊन. पांढरं, हलकं, करकरणारं, ज्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. मी प्रत्येक खोकं तळापर्यंत उपसलं. ठकी गाडीत बसली ती तिथेच राहिली, पुढच्या स्टेशनाचं पान पिंपरीला पोचलंच नाही. कमलचा नवराही आला नाही. पुढे रीतसर फारकत झाली. ती त्याच लाइनवर राहिली, मग लाइनची प्रमुख झाली, कासारवाडीत रुळांच्या जवळ दोन खोल्या बांधल्या. दारावरच्या पाटीवर तिचं एकटीचं नाव आहे, पूर्ण. माझं लग्न झालं, मुलं झाली. मी बरी नांदले. पण गाडीत बसलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, ते अजून तसंच आहे.

दुकानातून त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. तशीच कासारवाडीला गेले. कमल दारात कांदे वाळत घालत होती. केस सगळे पांढरे, पण हातांना अजून ती सवय, प्रत्येक कांदा ओळीत. मी म्हटलं, "आजही नाही सापडली." ती म्हणाली, "कोण, ठकी? अगं, ती माझ्याकडं हाय की." आत जाऊन तिने कपाटातून अंक आणला. हिरवा रंग उडालेला, कडांना चिकटपट्ट्या. इतक्या चिकटपट्ट्या नुसत्या ठेवलेल्या पानांना लागत नाहीत.

ती खाटेवर बसली आणि तिने अंक उघडला. डावीकडून.

"उलटं धरलंस," मी म्हटलं.

"माहीत हाय." ती पान उलटत राहिली. खिडकी, फलाट, बर्फ. "इकडून बघितलं की ती घरी येते. मी कुणाला सांगत न्हाई. कधी कधी बघते अशी."

एवढ्या वर्षांत तिने एकदाही, कधीही, मला हे कळू दिलं नव्हतं. विचारायची छाती मला तेव्हा झाली नव्हती, ती आता केली. "कमल, चुकलं असं वाटतं का गं तुला?"

"न्हाई," ती म्हणाली. लगेच म्हणाली. "गेली तेच बरोबर. पण गेलेल्या बाईला घर आठवूच नये, असं कुठं हाय?"

बाहेरून लोणावळ्याची गाडी गेली. भिंत थोडी हलली, कपाटातली भांडी वाजली, आणि गाडी लांब गेल्यावर पुन्हा शांत झालं. सरकतं दार, सबंध झालेला वाडगा, आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली ठकी. त्या शेवटच्या चित्रावर कमलने तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तिने डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि अंक पालथा करून माझ्याकडे सरकवला.

"हं, वाच," ती म्हणाली. "चल, परत बसवू हिला गाडीत."